नीळ कोणी घातली?

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी पोचलो तेव्हा अंगणात आई आणि आजीची जुंपली होती. कारण होतं दोरीवर वाळत घातलेला आजोबांचा पांढरा सदरा.

"अगं, किती नीळ घातलीस? सदरा पार निळा करून टाकलास!" आजी.

"आत्या, नीळ संपून आठ दिवस झाले. नुसत्या साबणानं धुतलाय," आई. (आमच्याकडे सुना सासूला आत्याच म्हणतात.)

सदरा मला तरी पांढराच दिसत होता. मी आईच्या बाजूने मत टाकलं आणि आजीचा राग ओढवून घेतला. आजीच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता, डाव्याचं महिन्याभराने व्हायचं होतं. ती जरा गप्प झाली. मग काळा चष्मा कपाळावर सरकवून तिने एका डोळ्यावर हाताचा आडोसा धरला, मग दुसऱ्या डोळ्यावर. असं दोन-तीनदा केलं.

"ह्या नव्या डोळ्यानं निळसर दिसतंय. अन् ह्या जुन्यानं..." ती थांबली. "पांढरं कुठंय रे? पिवळं दिसतंय की. चहा सांडल्यागत!"

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू इंजिनिअर व्हायला लागलायस न्हवं? मग सांग, सदऱ्याचा खरा रंग कंचा?"

मी इन्स्ट्रुमेंटेशनला टी.ई.ला आहे. थर्मोकपल, आरटीडी, स्ट्रेन गेज यांच्याबद्दल व्हायवाला झोपेतून उठवून विचारलं तरी काहीतरी सांगू शकेन. पण जन्मापासून सोबत असलेल्या दोन इन्स्ट्रुमेंट्सबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही, हे त्या दिवशी कळलं. हॉस्टेलवर परत आल्यावर सबमिशनमधून वेळ काढून लायब्ररीत बसलो, फिजिक्सच्या सरांचं डोकं खाल्लं. आजीला फोनवर उत्तर दिलं ते थोडक्यात. इथे जरा सविस्तर सांगतो.

रंग बदलत का नाही?

आपण सगळे उलटा प्रश्न विचारतो, की रंग बदलला का? खरं तर आश्चर्य याचं वाटायला हवं की रंग बदलत का नाही!

हिशेब बघा. डोळ्यात येतो तो प्रकाश म्हणजे दिव्यातून वस्तूवर पडलेला प्रकाश गुणिले त्या वस्तूने परत पाठवलेला भाग. यातली दुसरी गोष्ट वस्तूच्या मालकीची. पहिली मात्र तासातासाला बदलते. भर दुपारी मोकळ्या ग्राउंडवर सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो, आपल्या खोलीत रात्री जेमतेम २०० ते ३०० लक्स. कोळसा पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ५ टक्के परत पाठवतो, पांढरा कागद ८० टक्के. म्हणजे उन्हातल्या कोळशाकडून ५००० एकक प्रकाश येतो आणि खोलीतल्या कागदाकडून, २५० लक्स धरले तर, फक्त २००. कोळसा कागदाच्या २५ पट 'उजळ' असूनही उन्हातला कोळसा आपल्याला काळाच दिसतो आणि खोलीतला कागद पांढराच.

ही झाली तीव्रतेची गोष्ट. दिव्याचा रंगही बदलतो. जुन्या तारेच्या बल्बचं कलर टेंपरेचर २७०० केल्व्हिनच्या आसपास, दुपारच्या उन्हाचं ५५०० च्या आसपास, आणि निळ्या आकाशाखालच्या सावलीचं ८००० च्याही वर. बल्बच्या प्रकाशात तांबड्याचा भरणा आणि निळ्याचा दुष्काळ, सावलीत नेमकं उलटं. खात्री करायची असेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स 'डेलाइट' वर अडकवून ठेवा आणि पिवळ्या बल्बखाली रूममेटचा फोटो काढा. तो हळद लागल्यासारखा दिसेल. तुमच्या डोळ्यांना मात्र तो नेहमीसारखाच दिसत असतो.

आमच्या विंगमधला एक मित्र टेबल लॅम्पला अजूनही तारेचा पिवळा बल्ब लावतो. संध्याकाळी मेसवरून येताना त्याची खिडकी बाहेरून चक्क नारिंगी दिसते. आत जाऊन बसलं की मिनिटा-दोन मिनिटांत भिंत पांढरी, असाइनमेंटचे कागद पांढरे. दिवा तोच आणि भिंतही तीच, बदललो ते आपण. वस्तू ओळखायला दिव्याचा रंग कामाचा नसतो, म्हणून डोळा तो वजा करून टाकतो. याला रंगस्थैर्य म्हणू. आणि या वजाबाकीची सुरुवात मेंदूत होत नाही. ती डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, प्रकाश टिपणाऱ्या पेशींमध्येच होते.

तीन सेन्सर, आणि तिघेही रंगांधळे!

डोळ्याच्या आतल्या पडद्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यावर प्रकाश टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात. दंडपेशी सुमारे १२ कोटी. या अंधुक उजेडात कामाला येतात आणि रंगाचं त्यांना काही सांगता येत नाही. दुसऱ्या शंकुपेशी, म्हणजे कोन्स, सुमारे ६० लाख. दिवसाउजेडी बघणं आणि रंग हे खातं यांच्याकडे.

शंकुपेशींचे तीन प्रकार. एक साधारण ४२० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त प्रतिसाद देतो, दुसरा ५३० च्या आसपास, तिसरा ५६० च्या आसपास. सोयीसाठी त्यांना आखूड, मध्यम आणि लांब लहरींच्या पेशी म्हणू. निळी-हिरवी-तांबडी ही नावं तितकीशी बरोबर नाहीत, कारण मध्यम आणि लांब यांचे प्रतिसादाचे वक्र एकमेकांवर बरेचसे चढलेले असतात. आखूड लहरींच्या पेशी तर एकूण शंकुपेशींच्या ५ ते १० टक्केच असतात. हा आकडा लक्षात ठेवा, आजीच्या गोष्टीत तो परत येणार आहे.

डोळ्यात तीनच प्रकारचे ग्राहक असावेत ही कल्पना थॉमस यंग याने १८०२ च्या सुमारास मांडली. पुढे हेल्महोल्ट्झने ती वाढवली. पेशी प्रत्यक्ष मोजायची साधनं यायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

आता गंमत अशी की एकट्या शंकुपेशीला रंग कळत नाही. ती फक्त एवढंच सांगते की आपण किती फोटॉन पकडले. पकडलेला फोटॉन तांबड्या प्रकाशातला की हिरव्यातला, याची नोंद ती ठेवत नाही. आपल्या लॅबमधल्या एलडीआरसारखंच. रेझिस्टन्स कमी झाला म्हणजे प्रकाश पडला, एवढंच एलडीआर सांगतो. मंद हिरवा आणि भडक तांबडा यांत तो फरक करू शकत नाही. म्हणून एका पेशीचं रीडिंग म्हणजे रंग नव्हे. तीन प्रकारच्या पेशींच्या रीडिंगची एकमेकांशी तुलना केली की रंग तयार होतो. डोळा रंग मोजत नाही, तुलना करतो. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

प्रत्येकाचा गेन वेगळा

आता दिवा बदलला की काय होतं? पहिलं उत्तर सगळे देतात ते बाहुलीचं. उजेडात बाहुली लहान होते, अंधारात मोठी. बरोबर. पण तिचा व्यास २ मिलिमीटरवरून ८ वर गेला तरी क्षेत्रफळ वाढतं १६ पट. शिवाय बाहुली तिन्ही प्रकारच्या पेशींना सारखंच कमी-जास्त करते. दिव्याचा रंग वजा करायला तिचा उपयोग शून्य. त्यासाठी तिन्ही चॅनलचा गेन वेगवेगळा बदलता यायला हवा.

ही सोय शंकुपेशीच्या आतच आहे. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी जरा लक्ष द्या, कारण हे सेन्सर 'ॲक्टिव्ह लो' आहेत! अंधारात शंकुपेशीत करंट चालू असतो. सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू पेशीच्या पडद्यातल्या वाटा उघड्या धरून ठेवतो आणि त्यातून सोडियम आणि कॅल्शियमचे आयन आत येत राहतात. प्रकाश पडला की साखळीने क्रिया होऊन हा रेणू मोडला जातो, वाटा बंद होतात, करंट कमी होतो. हाच सिग्नल.

पण वाटा बंद झाल्या की कॅल्शियमही आत यायचं थांबतं आणि पेशीतलं त्याचं प्रमाण घटतं. कॅल्शियम घटलं की सायक्लिक जीएमपी बनवणारं एन्झाइम जोर धरतं, आणि प्रकाशाने सुरू झालेली साखळीही लवकर आवरली जाते. परिणाम असा की काही वाटा पुन्हा उघडतात आणि पेशी पुन्हा पुढचा बदल टिपायला मोकळी होते. हा सरळसरळ निगेटिव्ह फीडबॅक आहे. ज्या पेशीवर प्रकाश जास्त, तिचा गेन कमी. जिच्यावर कमी, तिचा जास्त. रेडिओतलं ऑटोमॅटिक गेन कंट्रोल तुम्ही शिकला असाल. इथे ते ६० लाख जागी बसवलेलं आहे, प्रत्येकाचं वेगळं. गेन बदलण्याचं काही काम पेशींच्या पुढच्या थरांतही होतं, पण तत्त्व तेच.

तिन्ही प्रकारच्या पेशी आपापला गेन स्वतंत्रपणे बदलतात आणि त्यामुळे दिव्याचा रंग वजा होतो, ही कल्पना फॉन क्रीस या जर्मन शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये मांडली. गणित अगदी सोपं आहे. आकडे फक्त हिशेबापुरते घेतलेत.

समजा उन्हात पांढऱ्या कागदाकडून लांब, मध्यम आणि आखूड पेशींना अनुक्रमे १००, १००, १०० मिळतात. पिवळ्या बल्बखाली तोच कागद ११०, ९०, ४० देतो. आता एक हिरवं कापड घ्या. ते या तीन भागांपैकी अनुक्रमे ३०, ४० आणि २० टक्के परत पाठवतं. उन्हात त्याचे आकडे ३०, ४०, २०. बल्बखाली ३३, ३६, ८. तिसरा आकडा २० वरून ८ वर घसरला. कच्चे आकडे बघितले तर कापड पिवळट व्हायला हवं. पण प्रत्येक चॅनलला त्या-त्या दिव्यातल्या पांढऱ्याने भागा: ३३ भागिले ११०, ३६ भागिले ९०, ८ भागिले ४०. उत्तर ०.३, ०.४, ०.२. उन्हातही हेच उत्तर होतं! दिवा गेला, कापड उरलं.

विश्वास बसत नसेल तर प्रयोग करा. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा तांबडा जिलेटिन पेपर कुणाच्या तरी ट्रंकेत असतोच. तो एका डोळ्यापुढे धरा, दुसरा डोळा हाताने पूर्ण झाका, आणि उजेड असलेल्या खोलीत दोन मिनिटं इकडेतिकडे बघा (सूर्याकडे किंवा दिव्याकडे नाही!). मग कागद काढून पांढऱ्या भिंतीकडे आळीपाळीने एकेका डोळ्याने बघा. एका डोळ्याला भिंत निळसर-हिरवट दिसेल, दुसऱ्याला नेहमीसारखी. मेंदू एकच, भिंत एकच. मग फरक कुठे पडला? दोन डोळ्यांचे गेन वेगळे झाले. म्हणजे कामाचा मोठा भाग दोन्ही डोळ्यांचे सिग्नल एकत्र येण्याआधीच उरकलेला असतो. आमच्या विंगमध्ये हा प्रयोग सात जणांनी केला, आणि नंतर पंधरा मिनिटं सगळे एक डोळा मिटून फिरत होते. रेक्टर सरांनी पाहिलं, पण काही विचारलं नाही.

पांढरं आणायचं कुठून?

चाणाक्ष वाचकांनी वरच्या गणितातली मेख ओळखली असेल. पांढऱ्याने भागायचं, ठीक. पण डोळ्याला कोण सांगतं की समोर पांढरं काय आहे?

कोणीच नाही. डोळा सरासरीवर भागवतो. आपली नजर सेकंदाला सुमारे तीन वेळा उडी मारते. त्यामुळे प्रत्येक शंकुपेशीपुढून काही सेकंदांत भिंत, टेबल, हात, पुस्तक, दार असं सगळं सरकून जातं. एवढ्या सगळ्याची सरासरी बहुतेक वेळा करडी निघते. ती करडी न निघता पिवळट निघाली, तर दोष वस्तूंचा नसून दिव्याचा असणार, असा हा हिशेब. पेशीचा गेन या सरासरीप्रमाणे सरकतो. बराचसा बदल पहिल्या काही सेकंदांत होतो, उरलेला पुढच्या मिनिट-दीड मिनिटात. मित्राच्या खोलीत शिरल्यावर भिंत पांढरी व्हायला वेळ लागतो तो हाच.

दुसरी तुलना जागेतली. शंकुपेशींना आडव्या जोडणाऱ्या पेशी दृष्टिपटलात असतात. त्या आजूबाजूच्या शंकुपेशींचा सिग्नल गोळा करून मधल्या पेशीला उलटा फीडबॅक देतात. त्यामुळे पुढे जातं ते 'इथे किती' हे नसून 'शेजाऱ्यांपेक्षा किती जास्त किंवा कमी' हे.

ही शेजाऱ्यांची बाजू किती भारी आहे हे पोलरॉइड कंपनीचा संस्थापक एडविन लँड याने झकास दाखवलं. त्याने रंगीत कागदांचे तुकडे चिकटवून मोठा तक्ता केला आणि त्यावर तीन प्रोजेक्टर लावले: एकातून लांब लहरी, एकातून मध्यम, एकातून आखूड. प्रकाशमापकाने पांढऱ्या तुकड्याकडून येणाऱ्या तिन्ही प्रकाशांची मोजदाद केली. मग प्रोजेक्टर असे कमी-जास्त केले की हिरव्या तुकड्याकडून आता नेमके तेच तीन आकडे यावेत. मीटरच्या लेखी हिरवा तुकडा आता 'पांढरा' झाला होता. बघणाऱ्यांना तो हिरवाच दिसला! पण बाकीचा तक्ता झाकून तो तुकडा एकटा दाखवला की त्याचा हिरवेपणा टिकत नाही. शेजारी गेले, तुलना गेली, रंगही गेला.

यापुढचं काम मेंदूचं. तो अनुभवावरून दिव्याचा अंदाज बांधतो, आणि अंदाज वेगळा तर रंगही वेगळा. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका ड्रेसच्या फोटोवरून इंटरनेटवर जगभर भांडणं झाली ती आठवत असतील. कुणाला तो निळा-काळा दिसे, कुणाला पांढरा-सोनेरी. फोटोत दिवा कसा आहे हे स्पष्ट कळत नव्हतं. ज्यांच्या मेंदूने निळसर सावली धरली त्यांनी निळा वजा केला, त्यांना पांढरा-सोनेरी दिसला. ज्यांनी पिवळा दिवा धरला त्यांना निळा-काळा. बहुतेक संशोधकांचं स्पष्टीकरण याच दिशेचं आहे. प्रत्यक्षात ड्रेस निळा-काळा होता.

जिथे गणित चुकतं

इतकी चांगली सिस्टीम असूनही ती कधीकधी फसते, आणि फसते तेव्हाच तिचं तत्त्व नीट कळतं.

फर्स्ट इयरला न्यूटन्स रिंग्जचा प्रयोग आठवा. डार्क रूम, सोडियम लॅम्प, आणि जर्नलमध्ये तांबड्या पेनने मारलेली समासाची रेघ काळपट दिसायची. त्या दिव्यात जवळजवळ ५८९ नॅनोमीटरच्या दोन रेषाच असतात, बाकी काही नाही. मग तांबडी वस्तू असो की हिरवी, ती पाठवणार तोच ५८९ चा प्रकाश, कमी किंवा जास्त. तिन्ही पेशींच्या आकड्यांचं गुणोत्तर प्रत्येक वस्तूसाठी एकच. गेन कितीही बदला, तुलनेला काही उरलेलंच नाही. म्हणून तिथे सगळं जग पिवळ्या आणि काळ्या छटांचं होतं.

दुसरं उदाहरण साडीच्या दुकानातलं. साडीवर मॅचिंग ब्लाउज पीस घेताना बायका तो दुकानाच्या दाराबाहेर उन्हात नेऊन बघतात आणि आपण पुरुषमंडळी "झालं का, झालं का" करतो. आपण गप्प बसावं हे बरं, कारण शास्त्र त्यांच्या बाजूने आहे. वरच्या गणितात मी थोडी लबाडी केली होती. कापड प्रकाशाचे तीन भाग परत पाठवत नाही, तरंगलांबीगणिक वेगवेगळं प्रमाण पाठवतं. डोळा ते सगळं तीन आकड्यांत कोंबतो. त्यामुळे वेगळ्या रंगद्रव्यांत रंगवलेली दोन कापडं एका दिव्याखाली तेच तीन आकडे देऊ शकतात आणि दुसऱ्या दिव्याखाली वेगळे. ट्यूबखाली हुबेहूब जुळलेली जोडी मांडवाच्या दारात उन्हात आली की फाटाफूट होते. त्याला गेन कंट्रोल काही करू शकत नाही.

आजीचा डोळा

आता परत अंगणात जाऊ.

डोळ्यातलं भिंग तरुणपणी जवळजवळ स्वच्छ असतं. वयाबरोबर ते हळूहळू पिवळट होत जातं, आणि मोतीबिंदूत अनेकदा तपकिरीकडे झुकतं. म्हणजे आजीच्या डोळ्यापुढे वर्षानुवर्षं एक पिवळा जिलेटिन पेपर होता, आणि तो दर वर्षी किंचित जाड होत होता. पिवळा कागद अडवतो कोणाला? आखूड लहरींना. आधीच संख्येने थोड्या असलेल्या त्या ५-१० टक्के पेशींपर्यंत प्रकाश कमी-कमी पोचत होता.

पण आजीने कधी "सगळं पिवळं दिसतं" अशी तक्रार केली नाही. कारण डोळ्याने या जिलेटिनलाही 'दिवा' समजून वजा केलं. सेकंदांत आणि मिनिटांत काम करणाऱ्या जुळवणीशिवाय आठवडे आणि महिने घेणारी एक संथ जुळवणीही असते. तिच्यामुळे वय वाढलं तरी पांढरं पांढरंच दिसत राहतं. मग एका सकाळी पिवळं भिंग गेलं आणि स्वच्छ कृत्रिम भिंग आलं. निळा प्रकाश पूर्वीसारखा आत आला, पण त्याचा गेन अजून चढलेलाच होता. सदरा निळा दिसला! आणि शेजारी तुलनेला दुसरा डोळा होता म्हणून पहिल्यांदाच कळलं की जुना डोळा पिवळं बघत होता. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, तेव्हा सगळं फार निळं दिसतं अशी त्याचीही तक्रार होती. म्हणजे आमची आजी मोठ्या माणसांच्या पंगतीत आहे.

इथे मला आमच्या विषयातली एक गोष्ट नव्याने कळली. जे इन्स्ट्रुमेंट स्वतःला आपोआप झिरो करतं, ते स्वतःचा ड्रिफ्ट लपवतं. म्हणून त्याला अधूनमधून बाहेरच्या स्टँडर्डशी ताडून बघावं लागतं. कॅलिब्रेशनच्या लेक्चरला हे वाक्य मी तीनदा लिहून घेतलं होतं.

आणि दुसरी गोष्ट. गेन वाढवून पांढरं पांढरं ठेवता येतं, पण हरवलेली माहिती परत आणता येत नाही. सिग्नलच क्षीण झाला तर गेन वाढवल्यावर सोबत नॉईजही वाढतो. पिवळ्या भिंगातून गडद निळ्या वस्तूकडून येणारा निळा प्रकाश इतका कमी होतो की निळं आणि काळं यांत फरक उरत नाही. बघणाऱ्याला मात्र काही चुकतंय असं वाटत नाही, कारण पांढरं अजून पांढरंच असतं.

हे सगळं मी आजीला फोनवर सांगितलं. सायक्लिक जीएमपी वगळून. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजी डोळा आपली खोट आपणच झाकतो म्हण की."

"हो आजी."

"मग सदऱ्याचा खरा रंग कंचा?"

"सदरा तिन्ही भाग सारखेच परत पाठवतो. तो पांढराच आहे. दोन-तीन महिने थांब, तुझा नवा डोळापण तेच म्हणेल."

संक्रांतीला घरी गेलो तोवर दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन होऊन गेलं होतं. सदरा आता पांढरा होता आणि नीळ प्रकरण मिटलं होतं. मी हॉस्टेलवरची गोधडी धुवायला घरी नेली होती. ती आजीनेच शिवलेली, मी फर्स्ट इयरला येताना दिलेली. आजीने ती उन्हात पसरली आणि वाकून बघत बसली. गोधडीतल्या काळ्या तुकड्यांवर निळ्या दोऱ्याचे टाके आहेत. मला ते पहिल्यापासून आवडायचे. ती नक्षी असेल असं मी धरून चाललो होतो.

"अरे देवा," आजी म्हणाली, "हा दोरा निळा होता व्हय? मी काळा म्हणून ओवला की रं."

तिला ते टाके उसवून काळ्या दोऱ्याने घालायचे होते. मी दिले नाहीत. गोधडी आत्ता माझ्या कॉटवर आहे.

तेव्हा मित्रहो, घरी साठीच्या पुढचं कुणी असेल तर या सुट्टीत एवढं करा. त्यांना दिवसाउजेडी एक काळा आणि एक गडद निळा दोरा द्या आणि वेगळे ओळखायला सांगा. जमलं नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. "मला चांगलं दिसतं" या उत्तरावर थांबू नका. ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या डोळ्यांनी त्यांना तेच सांगितलेलं असतं.